वाड्यातल्या १४३ वस्तू आणि चौदा किलो रद्दी

(कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिलं आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेतला जुना वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती. करारावर सह्या झाल्या आणि घर रिकामं करायला सहा आठवडे मिळाले. गाद्या, भांडीकुंडी, देव, पाट-चौरंग या सगळ्यांची सोय लागली. अडलं ते माडीवरच्या काचेच्या कपाटापाशी आणि त्याच्या शेजारच्या तीन पत्र्याच्या ट्रंकांपाशी. त्यांत आजोबांचा छंद भरून ठेवलेला होता.

आजोबा मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होते. १९४७-४८ मध्ये कॅम्पातली इंग्रज कुटुंबं एकामागून एक मायदेशी निघाली, तेव्हा बंगल्यांच्या आवारातच सामानाचे लिलाव होत. लोक पलंग, कपाटं, सायकली घ्यायला जात आणि आजोबा बशा घेऊन येत. पुढे लिलाव संपले तरी नाद सुटला नाही. बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात एक फेरी ठरलेली. निवृत्त होईपर्यंत पगारातले दोन-चार रुपये दर महिन्याला तिकडे जात.

आजींना ही भांडी स्वयंपाकघरात चालत नसत. सोवळ्याचं घर. “साहेबाने त्यात काय काय खाल्लंय कुणास ठाऊक, माझ्या चुलीपाशी नकोत,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. लोणच्याच्या बरण्या चिनी मातीच्याच, त्या चालायच्या. त्या कोऱ्या आणल्या होत्या आणि घरातच वापरल्या होत्या. त्यामुळे आजोबांचा सगळा संग्रह माडीवर राहिला. कुणी त्यात जेवलं नाही, कुणी तो राखेने घासला नाही. चहाच्या कपांच्या कडेवरची सोन्याची रेघ रोजच्या घासण्याने सगळ्यात आधी जाते. इथे ती सत्तर वर्षांनंतरही जशीच्या तशी होती. संग्रह आजोबांनी जमवला आणि आजींच्या सोवळ्याने तो राखला, असं मी त्या घरात म्हटलं तेव्हा थोरल्या काकांचे डोळे भरून आले.

आजोबा १९८१ मध्ये गेले, आजी १९९४ मध्ये. त्यानंतर ट्रंका कुणी उघडल्या नव्हत्या.

मला फोन आला तो नातीचा. तिची आई आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो, त्यामुळे मी तिची मावशी. गेली सव्वीस वर्षं मी जुन्या चिनी मातीच्या बशा जमवते आहे, हे तिला लहानपणापासून माहीत.

अडचण

वारस चार. थोरले काका, वय ७८, वाड्यातच राहणारे. धाकटी आत्या सांगलीला. फोन करणारी नात, तिच्या दिवंगत वडिलांच्या वाट्यापुरती. आणि दुसऱ्या, तेही आता हयात नसलेल्या काकांचा मुलगा, जो न्यू जर्सीला असतो आणि तीन आठवड्यांसाठी येणार होता. भांडण नव्हतं, पण प्रत्येकाच्या मनात वेगळी वस्तू होती आणि कुठली वस्तू काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने कपाट काचेतूनच पाहून “सगळं मिळून चाळीस हजार, उद्याच टेम्पो आणतो” असं सांगून ठेवलं होतं. हाताशी दिवस थोडे आणि खोल्या रिकाम्या करायची घाई. त्या घाईत हा प्रस्ताव काकांना पटायला लागला होता.

रद्दी

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मी वाड्यात पाऊल ठेवण्याआधीच झाली, आणि ती माझी होती.

फोनवर मी नातीला सांगितलं, “ट्रंका उघडून सगळं नीट मोकळं करून ठेवा, म्हणजे मला एका दिवसात पाहता येईल.” एवढंच. कशात गुंडाळलंय ते तसंच ठेवा, हे बोलले नाही. शनिवारी मी गेले तेव्हा जेवणघराच्या सतरंजीवर बशांच्या चळती सुरेख मांडलेल्या होत्या. ज्या वर्तमानपत्रांत त्या गुंडाळलेल्या होत्या ती सकाळीच रद्दीवाल्याला गेली होती. चौदा किलो.

मी विचारलं, “कागदांवर काही लिहिलेलं होतं का?” नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काही कागदांवर कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी होतं मावशी. मला वाटलं, वाण्याचा हिशोब असेल.”

आम्ही दोघी तशाच उठून रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस, त्याने गठ्ठे दाखवले. पण दुपारचा टेम्पो भरून गेला होता.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत वेष्टन हाही पुरावा असतो. वर्तमानपत्राच्या तारखेवरून वस्तू कधी बांधून ठेवली ते कळतं, म्हणजे ती निदान तेव्हापासून घरात आहे हे सांगता येतं. आणि जमवणाऱ्याच्या हातची नोंद असेल तर कुठून घेतली, कितीला घेतली, कुणाची होती हेही कळतं. ती माहिती वस्तूच्या पोटात नसते. बशीकडे कितीही वेळ पाहिलं तरी ती डेक्कन क्वीनने आली की टांग्यातून, हे ती सांगत नाही. आजोबांनी वेगळी वही ठेवली नव्हती. त्यांची वही म्हणजे ते कागद होते.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती. कामाच्या ताईंनी मनापासून मदत म्हणून दोन बशा तारेच्या घासणीने घासल्या. दोन्हींवरची सोन्याची रेघ अर्धी गेली. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग पहिला नियम ठरला: यादी पुरी होईपर्यंत काही धुवायचं नाही, काही फेकायचं नाही, काही हलवायचं नाही. व्यापाऱ्याला फोन करून दोन आठवडे थांबायला सांगितलं.

वस्तूंची ओळख

दुरेघी वही, साधी पेन्सिल, नातीचा फोन फोटोंसाठी. प्रत्येक वस्तूला एक आकडा. आकड्याची चिठ्ठी वस्तूत ठेवायची, चिकटवायची नाही, कारण चिकटपट्टी काढताना सोनं आणि वरचा रंग तिच्याबरोबर निघून येतो. मोजदाद १४३ वर थांबली. त्यात सात अडकित्ते होते, एक लंबकाचं घड्याळ, रविवर्मा प्रेसची दोन चित्रं, काही काचसामान. बाकी सगळी चिनी माती.

ओळखीची कामं साधी असतात, पण क्रमाने करावी लागतात. आधी बशी तळव्यावर तोलून धरायची आणि कडेला नखाने टिचकी मारायची. धड बशी टण्ण वाजते, चीर गेलेली बद्द वाजते. अशा सहा बशा निघाल्या. डोळ्यांना चीर दिसायच्या आधी कानाला कळली. मग उजेडासमोर धरून पाठीमागे बोटं हलवायची. बोटांची सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. सावली दिसत नसेल तर जाड मातीचं भांडं, वरून झिलई दिलेलं. मग तळ पाहायचा.

जेवणाच्या संचाचे ६१ नग शिल्लक होते. पांढऱ्यावर निळा छाप, तीच ती प्रसिद्ध विलो झाडाची नक्षी: झुकलेलं झाड, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी. या नक्षीमागे दोन प्रेमी जीवांच्या पक्षी होण्याची कहाणी आहे. ती चीनमधली म्हणून सांगतात, पण ती इंग्लंडात रचलेली आहे. नक्षीही १८व्या शतकाच्या शेवटी इंग्रज कारखान्यांतच घडली, चिनी मालाच्या धर्तीवर. मी काकांना एका बशीच्या काठाजवळ भिंगातून पाहायला लावलं. नक्षी तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर उतरवतात आणि तो ओला कागद बशीवर दाबून बसवतात. काठाची पट्टी जिथे येऊन भिडते तिथे वेलबुट्टी नीट जुळत नाही. एका फुलाचं अर्धं पान शेजारच्या जाळीत घुसलेलं होतं. कुणा कामगाराच्या हाताने ती पट्टी कापताना चूक केली होती. काका बराच वेळ भिंग सोडेनात.

तळाशी ‘इंग्लंड’ हा शब्द होता, ‘मेड इन’ नव्हतं. १८९१ पासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं, तेव्हापासून इंग्रज भांड्यांवर हा शब्द सर्रास दिसतो. ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा त्यानंतरचं. शिवाय नक्षीच्या नोंदणीचा क्रमांक होता, चार लाखांच्या पुढचा. इंग्लंडात हे क्रमांक १८८४ पासून एकापासून सुरू झाले. चार लाखांच्या पुढचा आकडा २०व्या शतकाच्या पहिल्या सात-आठ वर्षांतला. यात एक मेख आहे: क्रमांक नोंदणी कधी झाली ते सांगतो, तुमची बशी कधी भाजली ते नाही. लोकप्रिय नक्षी पुढे वीस-पंचवीस वर्षंही छापली जायची. म्हणून वहीत ‘१९०३ नंतर’ एवढंच लिहिलं.

चहाचा संच बोन चायनाचा होता: नऊ कप, बारा बशा. चार जपानी कपांच्या तळाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. युद्धात हरल्यावर १९५२ पर्यंत जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. हा शिक्का त्याच काळातला, त्यामुळे वयाबद्दल वादच नाही.

आणि एक बरणी. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी फुलं, बर्फाला तडे जावेत तशा रेघा. मुरंब्यातलं आलं भरून विकतात तशी. तळाशी दोन निळ्या वर्तुळांत चार चिनी अक्षरं. न्यू जर्सीच्या दादाने तिचा फोटो फोनवर शोधून पाहिला आणि रात्री दहा वाजता सगळ्यांना कळवलं की ही चीनच्या कांग्शी बादशहाच्या काळातली आहे, १६६२ ते १७२२, आणि असल्या बरण्या कोट्यवधींना जातात.

त्या रात्री घरात कुणी झोपलं नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला विचारलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता. मी त्यांना जे ठाऊक होतं ते सांगितलं: कांग्शीची चार अक्षरं १९व्या शतकातल्या असंख्य चिनी बरण्यांवर आहेत. जुन्या कारागिरीचा मान म्हणून आणि माल खपावा म्हणून ती लिहिली जात. अक्षरं खरी आहेत, पण ती काळ सांगत नाहीत. खात्रीसाठी मुंबईतल्या एका जाणकाराला तळ, काठ आणि आतली बाजू यांचे फोटो दाखवले, मग बरणी प्रत्यक्ष नेली. त्यांनी तळाचं बिनझिलईचं कडं अंगठ्याने चाचपलं, फुलांवरचे ब्रशचे फटकारे पाहिले आणि १९व्या शतकाचा उत्तरार्ध असं सांगितलं. कोट्यवधींची गोष्ट तिथे संपली.

इथे मी मुद्दाम थांबले. घरच्यांना वाटलं, म्हणजे बरणी नकली. तसं नव्हतं. सव्वाशे वर्षांहून जुनी, हाताने रंगवलेली, धड अवस्थेतली चिनी बरणी होती ती. चीनमधल्या कँटन बंदराच्या व्यापारात मुंबईचे पारशी व्यापारी होते, आणि असा माल त्या वाटेने मुंबईच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या येत होता. आजोबांनी ती त्यातल्याच कुठल्या घरातून आलेली घेतली की कॅम्पात घेतली, हे सांगणारा कागद रद्दीत गेला.

समोरचे पर्याय

व्यापाऱ्याचे चाळीस हजार. रक्कम अगदीच वाईट होती असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या जुन्या इंग्रज संचांना फारसं गिऱ्हाईक नाही. लोकांकडे तेवढी मोठी कपाटं राहिली नाहीत. पण तो सगळं मिळून मागत होता, यादी पाहायला तयार नव्हता, आणि परवान्याचा विषय निघाला की बोलणं दुसरीकडे नेत होता. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. तो नसलेल्या माणसाला बरणी देणं मला पटलं नाही.

संग्रहालय. हा पर्याय काकांच्या मनात पहिल्यापासून होता. पुण्यात राजा केळकर संग्रहालय पाहत मोठे झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये, स्वतः हयात असताना, सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. देणारा माणूस समोर होता, प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगणारा. आमच्याकडे वस्तू होत्या आणि सांगणारा चाळीस वर्षांपूर्वी गेलेला. एका संग्रहालयात विचारणा केली. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला: “कुठून आलं याची काही नोंद आहे का?” विलोच्या बशा त्यांच्याकडे होत्या. आणखी ६१ नगांना जागा नव्हती.

तिसरा पर्याय, सगळं एकाने ठेवायचं. कुणाच्याच घरात तेवढी जागा नव्हती.

चौथा, वाटून घ्यायचं. सगळ्यांना तो मनातून हवा होता आणि सगळेच त्याला बिचकत होते, कारण वाटणी म्हटली की संच मोडणार.

निर्णय

चौथाच घेतला, पण चार अटी घालून: आधी पूर्ण यादी, मग वाटणी, वहीच्या चार प्रती, प्रत्येक नगासमोर तो कुणाकडे आहे ती नोंद, आणि कुणाला एखादी वस्तू नकोशी झाली तर बाहेर देण्याआधी बाकीच्या तिघांना विचारायचं. काकांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं, खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

त्यातले तीन निर्णय सोपे नव्हते.

पहिला बरणीचा. दादाला ती न्यायची होती. लहानपणी सुट्टीत आला की आजोबा त्याला त्या बरणीतून खडीसाखर देत. “शर्टांत गुंडाळून बॅगेत टाकतो, कोण बघतंय,” तो म्हणाला. त्याच्या म्हणण्यामागे लोभ नव्हता, आठवण होती, म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. पण कायदा याबाबत स्वच्छ आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि नेली तर निदान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू चीनमध्ये घडली होती याने फरक पडत नाही. गंमत अशी की ज्या वयाने तिची किंमत कोटींवरून खाली आणली, तेच वय तिला इथे अडवायला पुरेसं होतं. बरणी काकांकडे राहिली. दादाने जपानी कपांपैकी दोन घेतले. तेही ते पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळाल्यावर. दाखला यायच्या आत त्याची सुट्टी संपली. कप पुढच्या खेपेला गेले.

दुसरा चहाच्या संचाचा. आत्या सांगलीहून आल्या, कप हातात घेऊन उजेडाकडे धरला, खूप आवडला. मग मला विचारलं, “बोन चायना म्हणतेस, म्हणजे यात खरंच हाड असतं का गं?”

मी गप्प बसले असते तर त्यांनी तो संच आनंदाने नेला असता. पण त्यांच्या घरी रोज नैवेद्य होतो, हे मला माहीत होतं. मी सांगितलं: हो. जनावरांच्या हाडांची राख, जवळजवळ निम्मी. इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला १७९० च्या दशकात स्पोड या कारखानदाराने ही रीत बसवली. त्या राखेनेच हा पांढरेपणा आणि पारदर्शकपणा येतो. आत्यांनी कप हळूच खाली ठेवला. “सांगितलंस ते बरं केलंस,” म्हणाल्या. बाकी कुणाला तो नको होता. परवाना असलेल्या एका मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत तो एका हौशी जोडप्याने १४ हजारांना घेतला. घासलेल्या दोन बशा वेगळ्या काढून दाखवल्या होत्या. त्या पैशांतून नातीने काचेचं कपाट करून घेतलं, कारण विलोचा संच ती ठेवणार होती.

तिसरा निर्णय टाक्यांचा. त्या संचात सार वाढायचं झाकणाचं मोठं भांडं होतं, इंग्रज त्याला ट्युरीन म्हणत. झाकण मधोमध फुटून पितळी टाक्यांनी जोडलेलं. पाच टाके, कागद टाचतो त्या पिनेच्या आकाराचे, पण जाड. हे काम आता फारसं पाहायला मिळत नाही. फुटीच्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, भोकं पाडायची, तीही आरपार नाही, निम्म्या जाडीपर्यंतच. टाका भोकांमधल्या अंतरापेक्षा किंचित आखूड ठेवायचा, म्हणजे तो ताणून बसतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढून धरतो. डिंक नाही, सरस नाही. बोट फिरवलं तर फूट लागत नव्हती, फक्त पाच उंचवटे लागत होते. पितळ हिरवं पडलं होतं.

दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका तज्ज्ञाने सुचवलं: टाके काढू, आधुनिक चिकटद्रव्याने जोडू, भोकं भरून रंग देऊ, फुटलं होतं हे कळणारही नाही. नातीला ते आवडलं. काकांचं मत होतं, फुटकं ते फुटकंच, झाकण टाकून द्या. मला टाके ठेवायचे होते. जोड मजबूत होता आणि भांड्यात काही शिजवायचं नव्हतं. शिवाय हा जोड कुणी, केव्हा घातला हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक नाही ते पुसून टाकायची घाई कशाला? निर्णय शेवटी आत्यांनी केला. “हे भांडं मला द्या,” त्या म्हणाल्या. “माझे सागरगोटे मी यात लपवायचे. आणि टाके असू द्यात, माझ्या आठवणीत ते आहेत.”

काका नाराज झाले. संचातलं सगळ्यात मोठं भांडं जाणार, म्हणजे संच मोडला. मी आत्यांच्या बाजूने बोलले. ज्या माणसाला त्या भांड्याची आठवण आहे त्याच्या घरी ते असावं, असं मला आजही वाटतं. वहीत नोंद झाली: नग क्रमांक ५८, सांगली.

जाताना सगळ्यांना एक गोष्ट परत परत सांगितली. ही भांडी पाहायची, त्यात जेवायचं नाही. जुन्या झिलईत आणि वरच्या रंगांत शिसं असू शकतं; चिंच, लिंबू, ताक, लोणचं अशा आंबट पदार्थांनी ते सुटतं. धुवायची तर प्लॅस्टिकच्या घमेल्यात तळाशी जुना पंचा घालून, कोमट पाण्याने, एकेक. ब्लीच कधीच नाही, ते तड्यांतून झिलईखाली उतरतं. चळत करायची तर दोन बशांमध्ये फ्लॅनेलचा तुकडा.

पुढे काय झालं

पाचव्या आठवड्यात माडी रिकामी झाली. १४३ पैकी २१ नग विकले गेले, दोन अमेरिकेला, एक सोडून बाकी सगळे घरच्यांच्या दोन गावांतल्या घरांत. दादाचा बाकीचा वाटा काका सांभाळतात. अडकित्ते इथल्या तिघांनी दोन-दोन घेतले, सातवा नातीने मला दिला. मी तो नको म्हणत होते.

नात आता स्वतः जुन्या बाजारात जाते. तिच्या वहीत तारीख, जागा, किंमत आणि विकणाऱ्याने जे काही सांगितलं ते त्याच्याच शब्दांत असतं, खरं असो वा नसो.

वेगळं काय करता आलं असतं

रद्दीबद्दल लिहिलंच आहे. आता मला असा फोन आला तर पहिलं वाक्य एकच: ट्रंकेला हात लावू नका, मी येते.

दुसरं काकांबद्दल. पहिल्या तीन भेटींत मी फक्त भांड्यांकडे पाहत होते. शिक्के, क्रमांक, तडे. काका शेजारी बसून होते आणि मी त्यांना भिंग देत होते, प्रश्न विचारत नव्हते. चौथ्या भेटीत चहा पिताना ते सहज म्हणाले की आजोबा लिलावाहून आले की आधी वस्तू खिडकीत ठेवायचे आणि आजींच्या मागे लागायचे, “एकदा लांबून तरी बघ.” तेव्हा मी नातीला फोनचं रेकॉर्डिंग सुरू करायला सांगितलं. त्या दोन तासांत चौतीस वस्तूंबद्दल काही ना काही मिळालं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर? काकांना तेव्हा बोलायला वेळ होता, शेवटी शेवटी सामान बांधायची गडबड होती.

चहाचा संच विकायची घाई झाली का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नातीला तो आता आठवतो.

चार महिन्यांनी आत्यांचा फोन आला. भांडं तोवर त्यांनी सामानाच्या खोक्यातच ठेवलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढलं, झाकण उचललं आणि पुसताना लक्षात आलं की झाकणाच्या आत, पोकळ मुठीच्या भोकात, कागदाचा बोळा कोंबलेला आहे. आमची यादी करताना तो कुणालाच दिसला नव्हता. त्यांनी तो चिमट्याने काढला आणि फोनवर वाचून दाखवला. वर्तमानपत्राचा तळहाताएवढा तुकडा, कोपऱ्यात पेन्सिलीने आजोबांचं अक्षर:

“झाकण आमचेकडून फुटले. टाके घालून घेतले. २ रु. ८ आणे. हिला सांगितले नाही.”

आणे, म्हणजे बहुधा १९५७ मध्ये नवे पैसे यायच्या आधीचं काम. नग क्रमांक ५८ समोर चारही वह्यांत ती ओळ उतरवली आहे.